कासवाचं सांगते, पण आधी त्या माकडाच्या ओरबाड्याचं बघा

खानापूर तालुक्यातल्या एका ताईंचं पत्र आलंय. थोडक्यात असं:

"माझा मुलगा पाचवीला आहे. दोन महिन्यांमागं शेजारच्यांचा कोंबडा त्याच्या अंगावर धावून आला, पोटरीला रक्त आलं. गेल्या आठवड्यात देवळाच्या पायऱ्यांवर माकडानं हातातली केळ्यांची पिशवी ओढली, तेव्हा मनगटाला ओरबाडलं, आम्ही हळद लावली, आता खपली धरलीय. जांबोटी रोडला आमचं शेत आहे, तिकडं गवे येतात म्हणून तो शेताकडं यायला तयार नाही. घरच्या म्हशीजवळसुद्धा जात नाही. पण कासव पाहिजे म्हणून हट्ट धरलाय, कारण कासव काही करत नाही. माझा भाऊ म्हणतो आमच्या विहिरीतलं देतो. मिस्टरांनी फोनवर स्टार कासव विकायला आहे ते बघितलंय. शेजारणी म्हणतात घरात कासव असलं की लक्ष्मी टिकते. आणू का? आणि सगळी जनावरं माझ्याच पोराच्या अंगावर का येतात?"

ताई, कासवाचं उत्तर मी देणार आहे, सविस्तर देणार आहे, पण तुमच्या पत्रात मधेच ती माकडाची ओळ आहे ना, मी तिथंच अडकले. हळद लावली आणि खपली धरली असं तुम्ही लिहिलंय, म्हणजे इंजेक्शन घेतलेलं नाही असं मी धरून चालते. तसं असेल तर हे पुढचं वाचायच्या आधी पोराला घेऊन खानापूरच्या सरकारी दवाखान्यात जा आणि रेबीजची लस सुरू करा. रेबीज फक्त कुत्र्याचा रोग नाही, माकड, मांजर, कोल्हा, गाय-म्हैस कुठल्याही सस्तन प्राण्याला होतो, आणि चावलंच पाहिजे असं नाही, रक्त आलेला ओरबाडा पण चालतो त्याला. आठवडा झाला, आता काय उपयोग, असं कुणी म्हटलं तर ऐकू नका. रोग अंगात दिसायला साधारण एक ते तीन महिने लागतात, कधी त्याहून कमी, कधी वर्षसुद्धा, त्यामुळं उशीर झाला तरी लस घ्यायचीच असते. लक्षणं दिसली की मात्र औषध नाही, माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही, म्हणून मी एवढी मागं लागलेय.

खपली धरलीय म्हणजे माकडाच्या ओरबाड्यातनं रक्त आलं असणार, ते डॉक्टरांना स्पष्ट सांगा, कारण रक्त आलेल्या जखमेला लसीबरोबर जखमेच्या आत सिरमचं इंजेक्शन पण द्यावं लागतं. ते खानापुरात नसेल तर बेळगावला सिव्हिलमध्ये पाठवतील, जा, कंटाळा करू नका. दंडात चामडीत देतात ती लस सुरू केली त्या दिवशी, मग तिथनं तीन, सात आणि अठ्ठावीस दिवसांनी असते, आणि पोरगं ठणठणीत दिसतंय म्हणून शेवटचा डोस चुकवणारी माणसं भरपूर आहेत, तुम्ही चुकवू नका. परत कधी असं झालं तर हळद, चुना, तिखट, तेल काही नको, नळाखाली साबण लावून पंधरा मिनिटं जखम धुवायची, घड्याळ लावून पंधरा मिनिटं, आणि तसंच दवाखाना गाठायचा. कोंबड्याची गोष्ट वेगळी, पक्ष्यांकडनं रेबीज येत नाही, तिथं जखम धुऊन धनुर्वाताच्या इंजेक्शनचं तेवढं डॉक्टरांना विचारायचं.

आता तुमचा प्रश्न, याच्याच अंगावर का येतात. ताई, याच्याच येत नाहीत, पण याच्या उंचीची, याच्या वयाची पोरं जे करतात ते जनावरांना धोक्याचं वाटतं. पळणं, किंचाळणं, हात हलवणं, डोळ्याला डोळा लावून बघत राहणं. आणि जे जनावर उगाच अंगावर आलं असं आपल्याला वाटतं ना, त्याच्याकडं जवळजवळ नेहमी कारण असतं, कधी पिल्लं जवळ असतात, कधी खाणं असतं, कधी कुठंतरी दुखत असतं, नाहीतर पळायला जागाच उरलेली नसते. ते कारण ओळखायला पोराला शिकवलं की त्याची अर्धी भीती कमी होईल. उरलेली अर्धी भीती राहू दे, ती कामाची आहे.

माकडाचंच घ्या. आपल्याकडं देवळांत, घाटात, गोकाकच्या धबधब्याकडं जी लाल तोंडाची माकडं असतात ती माणसानंच बिघडवलेली आहेत. पिढ्यान्‌पिढ्या केळी, शेंगदाणे, बिस्किटं हातानं भरवली, आता प्लॅस्टिकची पिशवी दिसली की त्यांच्या हिशोबानं त्यात खाणं आहेच आणि ते त्यांचंच आहे. जंगलातलं माकड माणसाला बघून झाडावर चढतं, पायऱ्यांवरचं खाली उतरतं. तर पोराला एवढं सांगा की देवळात हातात पिशवी धरायची नाही, खाणं बॅगेत, बॅगेची चेन बंद. माकडाच्या डोळ्यात बघायचं नाही, त्याच्या भाषेत टक लावून बघणं म्हणजे भांडायला बोलावणं. तोंड उघडून, भुवया वर करून ते आपल्याकडं बघायला लागलं किंवा मोठी जांभई देऊन सुळे दाखवले तर समजायचं की मागं व्हा असं सांगतंय, मग पाठ न फिरवता हळूहळू मागं सरायचं. पिशवी ओढलीच तर सोडून द्यायची, ओढाओढी करायची नाही, केळी परत आणता येतात. आणि जंगलाकडंला मेलेलं माकड दिसलं तर कुणीच हात लावायचा नाही. १९५७ साली शिवमोगा जिल्ह्यात क्यासनूरच्या जंगलात सापडलेला माकडताप पुढं आपल्या शेजारच्या दोडामार्ग, सत्तरी भागातही आला, तो गोचिडांमधनं पसरतो आणि माकड मेलं की त्याच्या अंगावरच्या गोचिड्या खाली उतरतात. मेलेलं माकड दिसलं की वनखात्याला फोन, बास.

कोंबड्याचं मला जास्त वाटतं, कारण तो रोज समोर आहे. माकड वर्षातनं एकदा भेटेल, शेजारचा कोंबडा पोरगं शाळेला जाताना रोज दारात उभा. पाच-सहा महिन्यांचा झाला की नर कोंबड्याच्या अंगात जवानी भरते आणि आपल्या कोंबड्यांच्या आसपास कोण फिरतंय त्याची तो परीक्षा घ्यायला लागतो. एक पंख खाली सोडून तिरकं तिरकं चालत येतो, मानेची पिसं फुलवतो, ही त्याची सूचना असते. पोरगं पळालं की तो जिंकला. पोरानं काठीनं डिवचलं किंवा लाथ मारली की त्याला वाटतं हा भांडायला आलाय, मग तो जास्तच येतो. म्हणून पळायचं पण नाही आणि मारायचं पण नाही, सरळ उभं राहायचं, मोठं माणूस त्याच्या आणि कोंबड्याच्या मधे, हातात सूप नाहीतर घमेलं आडवं धरायचं आणि कोंबडा बाजूला होईपर्यंत सावकाश त्याच्या दिशेनंच पुढं जायचं. हे तुम्ही करा, पोराला एकट्याला करायला लावू नका, त्याच्या उंचीला कोंबड्याची उडी डोळ्यापर्यंत पोचते आणि पायामागचा तो काटा डोळ्याला लागला तर काय होईल ते सांगायला नको. शेजाऱ्यांशी नीट बोला. भांडू नका, पण मिळमिळीत पण बोलू नका, शाळेच्या वेळेला सकाळी अर्धा तास, दुपारी अर्धा तास कोंबडा डालग्याखाली झाकायचा, एवढंच मागा. कुणी नाही म्हणणार नाही, आपल्या गावात अजून एवढं ऐकतात. तरीही सुटला आणि पुन्हा अंगावर आला, तर तो कोंबडा त्या गल्लीत ठेवण्यात अर्थ नाही हे पण त्यांना सांगायचा तुम्हाला हक्क आहे.

गव्याबद्दल थोडक्यात. गवा माणसाच्या मागं लागणारं जनावर नाही, तो बघतो, फुसकारतो आणि बहुतेक वेळा वळून जातो. धोका एकट्या फिरणाऱ्या मोठ्या नराचा आणि वासरू जवळ असलेल्या गायीचा, आणि तो पण आपण मोबाईल काढून जवळ गेलो, दगड मारला, कुत्री सोडली, चहूबाजूंनी गर्दी करून त्याची वाट अडवली तर. वाट मोकळी ठेवायची, बास. आपल्या भागात त्याहून जपायचं ते अस्वलाला. कणकुंबी, भीमगड, लोंढ्याकडच्या जंगलात अस्वलं आहेत, वारूळ उकरताना त्यांना दुसरं काही कळत नाही, नजर पण कमजोर, आपण अचानक जवळ गेलो की घाबरून तोंडावरच येतात. करवंदं-जांभळांच्या दिवसात जंगलाच्या कडेला जाताना एकटं जायचं नाही आणि बोलत, खाकरत, आवाज करत जायचं, म्हणजे ते आधीच निघून जातं. तुमचं शेत जांबोटी रोडला आहे म्हणून हे सांगितलं, पोराला शेतात नेताना मोठं माणूस बरोबर आणि अंधार पडायच्या आत परत, एवढा नियम घरात सगळ्यांनाच ठेवा.

आता कासव.

पोरगं म्हणतंय कासव काही करत नाही. ताई, मला या वाक्याचं वाईट वाटलं, पोराचा राग नाही, तो घाबरलाय आणि त्यानं त्याच्या डोक्यानं उत्तर शोधलंय. पण कासव काही करत नाही असं नाही, ते करतं ते आपल्याला कळत नाही. कुत्रं दुखलं तर केकाटतं, म्हैस चारा सोडते, कासव काय करणार? डोकं आत घेतं, कमी खातं, कोपऱ्यात बसून राहतं, आणि आपण म्हणतो बघा किती शांत आहे. ते कवच म्हणजे अंगावर घातलेलं चिलखत नव्हे, त्याची पाठीची हाडं आणि बरगड्याच त्यात जोडलेल्या असतात, वरनं बोट फिरवलं तरी त्याला समजतं. घरात ट्यूबलाइटखाली ठेवलेल्या कासवाला ऊन मिळत नाही, त्यामुळं हाडं नि कवच मऊ पडतात, वाकडी होतात. त्यात आपण प्रेमानं दूध-भात, ब्रेड, काकडी घालणार, आणि ज्याला गवत-पाला खायचा असतो त्या कासवाचं पोट आणि कवच दोन्ही बिघडतं. हे सगळं महिन्यात दिसत नाही. चार-पाच वर्षांनी दिसतं, तेव्हा तुमचा मुलगा दहावीला असेल आणि त्याचं लक्ष दुसरीकडं असेल.

आणि कायदा तर सरळ आहे. मिस्टरांनी बघितलेलं स्टार कासव आणि भावाच्या विहिरीतलं आपलं गावठी कासव, दोन्ही वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ खाली येतात. २०२२ साली कायद्यात बदल झाला, तो १ एप्रिल २०२३ पासून लागू आहे, आणि स्टार कासव आता पहिल्या परिशिष्टात आहे, म्हणजे वाघाच्या यादीत. पकडणं, विकणं, विकत घेणं, घरात ठेवणं, सगळा गुन्हा. शिक्षा कमीत कमी तीन वर्षं, जास्तीत जास्त सात, आणि दंड पंचवीस हजारांच्या खाली नाही. विकणारा सांगतो की सर्टिफिकेट देतो, फार्ममधलं आहे, सगळे ठेवतात, ते ऐकू नका. २०१९ पासून या कासवाच्या देशाबाहेरच्या व्यापारावर पण बंदी आहे, कारण जंगलातनं पोत्यांनी भरून नेतात. मोज्यांत घालून, चिकटपट्टी लावून, बॅगेत कोंबून पाठवतात, त्यातली किती वाटेतच मरतात. फोनवर दिसणाऱ्या त्या एका गोड फोटोच्या मागं हे असतं.

लक्ष्मीचं म्हणाल तर मी कुणाच्या श्रद्धेवर बोलणार नाही. आपल्या देवळात गाभाऱ्यासमोर दगडाचं कासव असतं, त्याला हात लावून आपण पुढं जातो, ते आहे की, ते राहू दे. पितळेचं कासव पाण्याच्या ताटलीत ठेवायचं असेल तर ठेवा. पण जिवंत कासवावरनं आपल्या भागात फार वाईट धंदा चालतो, वीस नखी, एकवीस नखी असं सांगून लाखोंची बोली लावतात, पैशांचा पाऊस पाडतो म्हणतात, आणि त्यात साधी माणसं फसतात आणि कासवं मरतात. शेजारणींना हे तेवढं सांगा, गोडीनं सांगा.

विहिरीचं पण सांगते, कारण भावाचा हेतू चांगला असणार. विहिरीत कासव सोडलं की पाणी साफ राहतं असं आपल्याकडं जुनी माणसं म्हणतात आणि म्हणून सोडतात. ते मेलेले किडे-मकोडे, बेडूक खातं हे खरं आहे, पण पाणी पिण्यासारखं होतं ते टीसीएल (ब्लीचिंग) पावडरनं, कासवानं नाही. आणि बांधलेल्या उभ्या कठड्याच्या विहिरीतनं त्याला वर येता येत नाही. कासवाला उन्हात यायला लागतं, मादीला अंडी घालायला जमीन लागते, मातीत खड्डा करून घालते ती. विहिरीत ते वर्षानुवर्षं जगतं, पण कसं जगतं ते विचारा. भावाला म्हणावं तुझ्या विहिरीतलं मला नको आणि विहिरीत पण नको, वनखात्याला कळव, ते काढून नदीत-तळ्यात सोडतील. १९२६ हा फॉरेस्टचा नंबर आहे, कर्नाटकात पण तोच आणि पलीकडं चंदगड-आजऱ्याला महाराष्ट्रात पण तोच. स्वतः काढायला जाऊ नका, ते गावठी कासव मऊ कवचाचं असतं, मान लांब, आणि बोट सापडलं की सोडत नाही. काही करत नाही म्हणणाऱ्या पोराला हे पण सांगा, खोटं सांगून कासवाची बाजू घ्यायला नको.

तिसरा एक पर्याय तुम्हाला कुणीतरी देईलच म्हणून आधीच लिहिते. अ‍ॅक्वेरियमच्या दुकानात नाण्याएवढी हिरवी कासवं मिळतात, डोळ्यामागं लाल पट्टा असतो. ती अमेरिकेतली आहेत, आपल्याकडची नाहीत, म्हणून दुकानदार म्हणतो याला कायदा नाही. घेऊ नका. नाण्याएवढं ते ताटाएवढं होतं, वीस-तीस वर्षं जगतं, रोज पाणी घाण करतं, त्याला खास दिवा लागतो, आणि त्यांच्या अंगावर साल्मोनेला नावाचे जंतू असतात ज्यानं लहान पोरांना जबर जुलाब होतात. अमेरिकेत याच कारणासाठी १९७५ पासून चार इंचांपेक्षा लहान कासव पाळायला विकायला बंदी आहे. मग मोठं झालं, कंटाळा आला की लोक ते तळ्यात सोडतात, आणि तिथं ते आपल्या कासवांचं खाणं आणि उन्हात बसायची जागा बळकावतं. जगातल्या सगळ्यात त्रासदायक शंभर परक्या जिवांच्या यादीत त्याचं नाव आहे. हे पण नको.

मग पोराला काय द्यायचं? कासव बघायला द्या. पावसाळा सरला की मलप्रभेच्या काठाला, ऊन चांगलं पडलेलं असताना, पाण्यातल्या दगडांवर नजर ठेवून गप्प बसा, कासवं वर येतात. पहिल्यांदा दिसणारच असं नाही, दुसऱ्यांदा दिसेल. पाऊल वाजलं की बुडी मारतात, त्यामुळं त्याला आपोआप गप्प बसायला लागेल, आणि जनावराला न घाबरवता बघणं म्हणजे काय ते तो तिथं शिकेल. भुतरामनहट्टीचं कित्तूर राणी चन्नम्मा प्राणी संग्रहालय पण एका रविवारी होण्यासारखं आहे, मधे जाळी आहे म्हटल्यावर घाबरलेलं पोर जरा सैल होतं. पहिल्या पावसात रस्त्यावर कासव आलेलं दिसलं तर ते ज्या दिशेला चाललंय त्याच दिशेला रस्त्यापलीकडं ठेवायचं, मोठ्या माणसानं, मागच्या बाजूनं दोन्ही हातांनी धरून, आणि नंतर हात साबणानं धुवायचे. घरी आणायचं नाही. हे काम पोराला आवडेल बघा.

आणि घरात म्हैस आहे असं तुम्ही लिहिलंय, तिच्याखाली रेडकू असेल तर त्याच्यापासनं सुरुवात करा. जवळ जा, हात लाव, काही होत नाही, असं म्हणून ढकलू नका, कारण त्याला दोनदा झालंय, तुमचं ते वाक्य त्याला खोटं वाटणार. आधी नुसतं लांबनं बघू दे. मग घरातलं कुणी वैरण घालतं तेव्हा पेंडीतली चार काडं त्याच्या हातात द्या, दाव्याबाहेरनं टाकू दे. कान कुठं वळतात, शेपटी कशी हलते, फुसकारली तर का फुसकारली, हे त्यालाच ओळखायला लावा आणि त्यानं ओळखलं ते बरोबर निघालं की तसं त्याला सांगा. कधी हात लावायचा ते तो ठरवेल, महिना लागला तर महिना लागू दे. फक्त म्हैस विऊन किती दिवस झाले ते तुम्ही लिहिलेलं नाही, अलीकडंच व्याली असेल तर थोडं थांबा, नव्या रेडकापाशी कुणी गेलं की घरची गरीब म्हैससुद्धा शिंग उगारते, आणि या वेळेला त्याला तिसरा मार बसायला नको.